सही झाल्यावरचे तीन दिवस: अमेरिकेत राहत्या घरावर काढलेलं कर्ज कधी आणि कसं रद्द करता येतं

अमेरिकेत राहतं घर तारण ठेवून कर्ज घेतलं, सह्या झाल्या, आणि रात्री कागद चाळताना दिसलं की व्याजाचा दर फोनवर ठरला होता तो नाहीच. अशा वेळी कर्ज रद्द करता येतं. कारण सांगावं लागत नाही, दंड नाही, उलट भरलेली फी परत मिळते. मात्र कर्ज योग्य प्रकारचं हवं, पत्र लेखी हवं आणि दिवस बरोबर मोजता यायला हवेत. लोक अडकतात ते या तीन जागी.

हा हक्क १९६८ च्या 'ट्रूथ इन लेंडिंग ॲक्ट' या फेडरल कायद्यातला आहे. बारीकसारीक नियम 'रेग्युलेशन झेड'मध्ये आहेत आणि ते सध्या कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरोच्या, म्हणजे सीएफपीबीच्या अखत्यारीत येतात. वकील याला 'राइट ऑफ रिसिशन' म्हणतात, पण तुमच्या हातात येणाऱ्या फॉर्मवर 'नोटिस ऑफ राइट टू कॅन्सल' असं छापलेलं असतं. मी न्यू जर्सीत राहतो. रीफायनान्स (जुनं कर्ज नव्या कर्जाने फेडणं) आणि हेलॉक, म्हणजे होम इक्विटी लाइन ऑफ क्रेडिट (घर तारण ठेवून ठरलेल्या मर्यादेत लागतील तसे पैसे काढायची सोय), दोन्ही करून झालंय आणि एक हेलॉक याच मुदतीत रद्दही केलंय. मी वकील नाही, त्यामुळे मोठी रक्कम किंवा वाद असेल तर वकिलाकडे जाच. पण त्याच्यासमोर बसण्याआधी एवढं माहीत असलेलं बरं.

१. आधी बघा, तुमच्या कर्जाला हा हक्क आहे का

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर काही महिन्यांनी कुणीतरी लिहितं, "घर घेतलं तरी तीन दिवसांत कॅन्सल करता येतं." येत नाही. राहायचं घर विकत घेण्यासाठी किंवा नव्याने बांधण्यासाठी काढलेल्या कर्जाला हा हक्क नाही. खरेदीच्या करारात तपासणीच्या, कर्जमंजुरीच्या अटी असतात, त्यांच्या आधारे बाहेर पडायचं असेल तर ते क्लोजिंगच्या, म्हणजे अंतिम सह्यांच्या, आधी. तो वेगळा विषय.

हक्क मिळतो तो आपल्या मालकीचं राहतं घर नव्याने तारण ठेवलं जातं तेव्हा:

- दुसऱ्या बँकेकडून केलेलं रीफायनान्स
- होम इक्विटी लोन, म्हणजे पहिल्या कर्जाच्या मागे उभं राहणारं दुसरं कर्ज
- हेलॉक उघडताना, आणि नंतर त्याची मर्यादा वाढवताना
- घरदुरुस्तीचं उधारीवरचं काम, ज्यात घरावर लिएन, म्हणजे देण्यापोटीचा कायदेशीर दावा, येतो
- जुन्या घरावर काढलेलं ब्रिज लोन, म्हणजे ते विकेपर्यंतचं तात्पुरतं कर्ज, मग ते पैसे नवं घर घ्यायला का वापरेनात
- आधीपासून राहत असलेल्या घरावरचं रिव्हर्स मॉर्गेज (ज्येष्ठांना मिळणारं, दरमहा हप्ता नसलेलं कर्ज)

हक्क मिळत नाही तो भाड्याने दिलेल्या घरावर, सुट्टीच्या घरावर, धंद्यासाठी काढलेल्या कर्जावर, आणि राज्य सरकारची एजन्सी स्वतः कर्ज देत असेल तर. हेलॉक एकदा सुरू झालं की त्यातून मर्यादेच्या आत काढलेल्या प्रत्येक रकमेला नवे तीन दिवस मिळत नाहीत.

यातल्या तीन गोष्टींवर जरा थांबतो.

पहिली, त्याच बँकेकडे रीफायनान्स. ज्यांनी मूळ कर्ज दिलं त्यांच्याकडेच पुन्हा रीफायनान्स केलं आणि नवे पैसे घेतले नाहीत, तर हक्क नाही. नवे पैसे घेतले तर तेवढ्यापुरता आहे. समजा, जुनी बाकी दोन लाख डॉलर, नवं कर्ज अडीच लाख, त्यातले पाच हजार रीफायनान्सच्या खर्चाचे. मग ४५,००० डॉलरपुरता हक्क आहे, जुन्या दोन लाखांना तो लागत नाही. अशा वेळी फॉर्मही वेगळा असतो: रेग्युलेशन झेडच्या परिशिष्टातला एच-९. इतर रीफायनान्सला आणि होम इक्विटी लोनला एच-८. आणि इथे 'तीच बँक' म्हणजे ज्यांच्या नावाने मूळ करार झाला ती. दरमहा हप्ता गोळा करणारी सर्व्हिसिंग कंपनी वेगळी असू शकते. हप्ता त्यांच्याकडे जातो म्हणून मूळ सावकार तेच, असं धरू नका.

दुसरी, दारावर येणारे विक्रेते. छप्पर, खिडक्या, पाणी गाळायची यंत्रणा. टॅबलेटवर बोटाने सही घेतात आणि आपण काय सही केलं ते ईमेलमध्ये नंतर येतं. काम उधारीवर असेल आणि घर तारण राहत असेल, तर हा हक्क तिथेही आहे. करारात तारणाचा उल्लेख नसला, पण राज्याच्या कायद्याने कंत्राटदाराचा मेकॅनिक्स लिएन (कामाच्या पैशांपोटी घरावरचा दावा) आपोआप बसत असला, तरी या हक्कापुरता तो तारणच धरला जातो. मुदत संपेपर्यंत त्यांनी काम सुरू करायचं नाही आणि माल उतरवायचा नाही. शुक्रवारी सही आणि शनिवारी सकाळी अंगणात शिंगल्सचे गठ्ठे, हे नियमात बसत नाही. "आता माल आला, आता कसं रद्द करणार?" असं म्हणण्याची सोय व्हावी म्हणूनच ही घाई असते, असं माझं मत आहे.

तिसरी गोष्ट खास आपल्या लोकांची. इथल्या घरावर हेलॉक काढून पुण्यात फ्लॅट घ्यायचा. तारण इथलं राहतं घर आहे, म्हणून हक्क असणारच, असं वाटतं. पण फक्त भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या घराचं कर्ज हे धंद्याचं कर्ज मानलं जातं, आणि धंद्याच्या कर्जाला हा कायदाच लागत नाही. येत्या वर्षात मालक स्वतः तिथे १४ दिवसांपेक्षा जास्त राहणार असेल, तर मात्र त्याला निव्वळ भाड्याचं घर म्हणून बाजूला काढता येत नाही. तेव्हा अर्जात कर्जाचा हेतू लिहिताना खरं ते, आणि नीट लिहा. पुण्याच्या फ्लॅटवरच कर्ज काढलं असेल, तर प्रश्नच नाही. ते तुमचं राहतं घर नाही, हा हक्क तिथे पोचत नाही.

२. मोबाइल होम, ट्रेलर, बोट

"आमचं घर चाकांवरचं, जागा भाड्याची, आम्हाला कुठले हे हक्क," असं बऱ्याच जणांना वाटतं. कायद्याला पाया आणि जमीन याच्याशी घेणंदेणं नाही. एक ते चार कुटुंबांची राहती वास्तू, जमिनीला जोडलेली असो वा नसो, म्हणजे घर. त्यात कॉन्डो येतो, को-ऑपमधला फ्लॅट येतो, मोबाइल होम येतं, आणि खरोखर राहायला वापरत असाल तर ट्रेलर आणि हाउसबोटसुद्धा. अट इतकीच की ते तुमचं मुख्य घर हवं. उन्हाळ्यात कॅम्पिंगला नेण्याची आरव्ही यात बसत नाही. त्याच आरव्हीत कुणी बारा महिने राहत असेल, तर बसते. मुख्य घर एका वेळी एकच असतं.

१५ जून १९७६ पासून या घरांना हड (HUD) या फेडरल गृहनिर्माण खात्याचे बांधणीचे नियम लागू झाले आणि तेव्हापासूनच्या घरांना कागदोपत्री 'मॅन्युफॅक्चर्ड होम' म्हणतात. नाव कोणतंही असो, हक्क तोच.

आमच्या ओळखीतले एक काका-काकू निवृत्तीनंतर फ्लोरिडात ५५ वर्षांपुढच्यांच्या वसाहतीत राहायला गेले. घर स्वतःचं, खालची जागा भाड्याची. वादळानंतर छप्पर करायला त्यांनी घरावर कर्ज काढायचं ठरवलं. काकूंनी घराचे कागद पुढे ठेवले तेव्हा त्यात नेहमीचा डीड, म्हणजे मालकीचा दस्त, नव्हताच. होतं ते गाडीसारखं टायटल सर्टिफिकेट, वर व्हेइकल आयडेंटिफिकेशन नंबर आणि खाली लिएनहोल्डरचा रकाना. फ्लोरिडात मोबाइल होमची नोंद मोटार वाहन खात्याकडेच होते. अशा कर्जाला बाजारात 'चॅटेल लोन', म्हणजे जंगम वस्तूवरचं कर्ज, म्हणतात. विकणारे त्याला गाडीच्या कर्जाच्या मापाने मोजतात आणि ग्राहकही. पण राहत्या घरावरचं ते कर्ज आहे, म्हणून तीन दिवस त्यांनाही होते.

मोबाइल होमबाबत लक्षात ठेवायचं ते असं. घर घेतानाच्या कर्जाला हक्क नाही, जसा साध्या घरालाही नाही. नंतर दुसऱ्याकडे रीफायनान्स केलं, घरावर वरकड पैसे काढले, किंवा खालची जागा विकत घ्यायला आधीपासूनचं राहतं घर तारण ठेवलं, तर आहे. आणि घर जमिनीशी कायदेशीररीत्या जोडलेलं नसेल, तर 'क्लोजिंग डिस्क्लोजर' नावाचा पाच पानी फॉर्म तुम्हाला मिळणार नाही, कारण तो स्थावर मालमत्तेच्या कर्जांसाठी आहे. तुम्हाला जुन्या पद्धतीचं ट्रूथ इन लेंडिंग स्टेटमेंट मिळेल. एपीआर (फी धरून वार्षिक दर), फायनान्स चार्ज (कर्जाचा डॉलरमधला खर्च), अमाउंट फायनान्स्ड (प्रत्यक्ष मिळणारं कर्ज), टोटल ऑफ पेमेंट्स (एकूण भरायची रक्कम) आणि हप्त्यांचं वेळापत्रक, हे त्यात दिसलंच पाहिजे.

३. हक्क कुणाचा, हे डीडवर बघा

कर्जाच्या कागदावर सही कुणाची, यापेक्षा घर कुणाच्या नावावर आहे आणि तिथे राहतं कोण, याला महत्त्व आहे. पगार एकाचा म्हणून कर्ज फक्त नवऱ्याच्या नावावर, पण डीडवर दोघं, आणि दोघांचंही ते राहतं घर, तर बायकोलाही स्वतंत्र हक्क आहे. तिने एकटीने पत्र पाठवलं तरी कर्ज सगळ्यांपुरतं रद्द होतं. याच्या उलट, क्रेडिट स्कोअरसाठी सही केलेला भाऊ, ज्याची घरात मालकी नाही, त्याला हक्क नाही. घर इस्टेट प्लॅनिंगसाठी, म्हणजे वारसांची सोय म्हणून, लिव्हिंग ट्रस्टमध्ये टाकलं असेल, तरी ते कर्ज माणसालाच दिलेलं कर्ज मानलं जातं. ट्रस्टच्या नावामुळे कायदा सुटत नाही.

४. हाताशी ठेवायचे कागद

- डीड, किंवा मोबाइल होमचं टायटल सर्टिफिकेट
- प्रॉमिसरी नोट (कर्ज फेडण्याचं लेखी वचन), आणि मॉर्गेज किंवा डीड ऑफ ट्रस्टची (घर तारण ठेवल्याच्या दस्ताची) प्रत
- क्लोजिंग डिस्क्लोजर किंवा ट्रूथ इन लेंडिंग स्टेटमेंट. हेलॉक असेल तर त्याचा करार
- नोटिस ऑफ राइट टू कॅन्सल, माणशी दोन प्रती
- जुन्या कर्जाचं ताजं स्टेटमेंट
- आतापर्यंत भरलेल्या प्रत्येक फीची पावती: अप्रेझल (घराचं मूल्यांकन), अर्ज, टायटल सर्च (मालकीची तपासणी)
- कागद ज्यात आले ते पाकीट किंवा तो ईमेल, तारखेसह

शेवटचं क्षुल्लक वाटेल. कागद कधी मिळाले यावर दिवस मोजायचे असतात, म्हणून पाकीट फेकू नका.

५. सही करताना

आजकाल हेलॉकसाठी बँकेत जावंही लागत नाही. नोटरी घरी येते, डायनिंग टेबलावर गठ्ठा ठेवते आणि पानं उलटत "इथे, इथे आणि इथे" म्हणत जाते. ती बँकेची माणूस नसते, अटी समजावणं तिचं काम नाही, आणि तिला पुढच्या घरी जायचं असतं. तुम्ही मात्र राइट टू कॅन्सलचं पान आलं की थांबा.

त्या पानावर पाच गोष्टी असाव्या लागतात: घरावर तारण बसतंय हे, रद्द करण्याचा हक्क, तो कसा बजावायचा आणि कोणत्या पत्त्यावर, रद्द केल्यावर काय होतं, आणि मुदत संपण्याची तारीख. ही तारीख रिकामी असेल तर भरून घ्या. चुकीची असेल तर दाखवून द्या.

आता दोन सापळे.

फॉर्मच्या तळाशी 'आय विश टू कॅन्सल' असं लिहून सहीची रेघ असते. गठ्ठ्याच्या ओघात लोक तिथेही सही करून टाकतात, आणि मंजूर झालेलं कर्ज विनाकारण लटकतं. रद्द करायचं नसेल तर ती रेघ कोरीच राहू द्या. 'मिळाली' म्हणून पोच द्यायची सही वेगळ्या जागी असते.

त्या पोचेबद्दलच दुसरा सापळा. कायदा सांगतो, घरातल्या हक्क असलेल्या प्रत्येकाला नोटिशीच्या दोन प्रती द्यायच्या. नवरा-बायको दोघं मालक असतील तर एकूण चार. (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने, रीतसर संमती घेऊन दिल्या तर माणशी एक पुरते.) आणि पोचेवर छापलेलं असतं, "मला दोन प्रती मिळाल्या." प्रती मोजायच्या आधी सही केली, की पुढे कधी वाद झाला तर त्या मिळाल्याच असं गृहीत धरलं जातं, आणि नाही मिळाल्या हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. एका गाजलेल्या खटल्यात हेच घडलं, तो पुढे येतोय.

आणखी एक प्रकार ऐकायला मिळतो. तीन दिवसांनी सही करायचा 'आम्ही रद्द केलेलं नाही' हा कागद क्लोजिंगलाच पुढची तारीख टाकून मागतात. देऊ नका. मुदत संपल्यावर द्या.

६. तीन दिवस मोजायचे कसे

घड्याळ कधी सुरू होतं? तीन गोष्टींपैकी सगळ्यात शेवटी घडली तिच्यापासून: कर्जाच्या करारावर सही, नोटिस हातात पडणं, आणि एपीआर वगैरे महत्त्वाचे आकडे असलेला कागद मिळणं. सोमवारी सही झाली पण नोटिस गुरुवारी मिळाली, तर मोजणी गुरुवारपासून. तो दिवस स्वतः धरायचा नाही. त्यानंतरच्या तिसऱ्या बिझनेस डेच्या मध्यरात्री मुदत संपते.

इथला बिझनेस डे ऑफिसमधला नाही. शनिवार धरायचा. रविवार सोडायचा. आणि फेडरल सुट्ट्या सोडायच्या: नववर्षदिन, मार्टिन ल्यूथर किंग दिन, वॉशिंग्टन यांचा वाढदिवस, मेमोरियल डे, जूनटीन्थ, ४ जुलै, लेबर डे, कोलंबस डे, व्हेटरन्स डे, थँक्सगिव्हिंग, नाताळ. दिवाळी, राज्याच्या सुट्ट्या किंवा बँकेची स्वतःची सुट्टी यात येत नाही.

शुक्रवारी सही: शनिवार पहिला, सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा. मंगळवारी मध्यरात्री संपलं. बुधवारी पैसे येतात.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या बुधवारी सही: गुरुवार सुट्टी, शुक्रवार पहिला, शनिवार दुसरा, सोमवार तिसरा. ब्लॅक फ्रायडेला ऑफिस बंद असलं तरी तो दिवस धरला जातो.

आणि जिथे हुशार माणसंही चुकतात तो हिशेब. २०२६ मध्ये ४ जुलै शनिवारी येतो, म्हणून सरकारी कचेऱ्यांना सुट्टी शुक्रवारी, ३ तारखेला. पण या कायद्यासाठी सुट्टी ४ तारखेचीच, ३ तारीख कामाचा दिवस. गुरुवारी २ जुलैला सही केली तर शुक्रवार ३ हा पहिला, सोमवार ६ दुसरा, मंगळवार ७ तिसरा. शुक्रवार सोडून बुधवारपर्यंत थांबलात तर हक्क गेला.

ज्यांनी रीफायनान्स केलंय त्यांनी 'तीन दिवस' हे शब्द दोनदा ऐकलेले असतात. क्लोजिंग डिस्क्लोजर सहीच्या किमान तीन बिझनेस डे आधी हातात पडावं लागतं. ते सहीच्या आधीचे तीन दिवस, आकडे ताडून बघायला. रद्द करण्याचे तीन दिवस सहीच्या नंतरचे. "तीन दिवस तर झाले, आता काय राहिलं," असं क्लोजिंगच्या दिवशी कुणी म्हणालं, तर ते या दोन्हींची गल्लत करतंय.

टेक्सासमधल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट: तिथे होम इक्विटी कर्जाचे नियम थेट राज्याच्या घटनेत आहेत, आणि त्यातही मालकाला व जोडीदाराला तीन दिवसांत रद्द करायची मुभा आहे.

७. रद्द करायचं पत्र

फोन चालत नाही. लोन ऑफिसर कितीही गोड असो, "मी सिस्टिममध्ये टाकतो" म्हणाला तरी ते रद्द करणं नाही. लेखी हवं.

नोटिशीचीच एक प्रत सही करून पाठवता येते, दुसरी आपल्याजवळ राहते. दोन प्रती देण्यामागचा हेतू तोच. नोटिस हरवली असेल किंवा दिलीच नसेल, तर साधं पत्र पुरतं:

"मी, खाली सही करणारा, अमुक पत्त्यावरच्या घराचा मालक, अमुक तारखेच्या, अमुक क्रमांकाच्या कर्जाचा व्यवहार ट्रूथ इन लेंडिंग ॲक्टखालच्या हक्कानुसार रद्द करत आहे." तारीख, सही, नाव. अर्थात इंग्रजीत लिहा.

कारण लिहू नका. कारण लिहिलं की चर्चा सुरू होते आणि तुमच्याकडे चर्चेला वेळ नाही. माझ्या वेळी दुसरीकडे चांगला दर मिळाला होता. पत्रात त्याचा एक शब्दही नव्हता आणि कुणी विचारलंही नाही.

पाठवायचं कसं, यात मेख आहे. टपालाने पाठवलं तर टपालात टाकलं तो क्षण धरला जातो, पोचलं कधी याने फरक पडत नाही. पण इतर लेखी मार्गाने, म्हणजे हाती, फॅक्सने, ईमेलने पाठवलं, तर नोटिशीत दिलेल्या ठिकाणी पोचलं तो क्षण. म्हणून शेवटच्या दिवशी टपालच सुरक्षित. पोस्टात खिडकीवर जा, सर्टिफाइड मेल आणि रिटर्न रिसीट घ्या, पावतीवर त्याच तारखेचा शिक्का बघून घ्या. निळ्या पेटीत टाकू नका. संध्याकाळची उचल होऊन गेली असेल तर शिक्का दुसऱ्या दिवसाचा पडतो आणि सिद्ध करायला तुमच्याकडे काही नसतं. वर ईमेलही करा, पण भरवसा पावतीवर.

पत्ता नोटिशीवरचाच. जवळच्या शाखेचा नाही, ब्रोकरचा नाही, नोटरीचा तर नाहीच.

रीफायनान्स रद्द करत असाल तर जुन्या कर्जाचा हप्ता थांबवू नका. जुनी बँक अजून फेडली गेलेली नाही, तिची तारीख चुकली तर उशिराचा दंड तुमच्याच नावावर.

८. पत्र गेल्यावर पैशांचं काय

मुदत संपेपर्यंत सावकाराने पैसे द्यायचे नसतात, एस्क्रोमध्ये, म्हणजे तिऱ्हाइताकडे राखून, ठेवू शकतात. म्हणून तीन दिवसांत रद्द केलं तर बहुतेक वेळा तुम्हाला परत करायला काही नसतंच.

पत्र मिळताच घरावरचं तारण संपतं आणि तुम्ही व्याज किंवा फी देणं लागत नाही. पत्र मिळाल्यापासून २० कॅलेंडर दिवसांत सावकाराने तुम्ही दिलेले पैसे परत करायचे आणि तारण संपल्याची नोंद करायची. साध्या घराची काउंटीच्या दप्तरात, मोबाइल होमची टायटल सर्टिफिकेटवरचं लिएनहोल्डरचं नाव काढून. परत मिळणाऱ्यात अर्जाची फी, ब्रोकरची फी, अप्रेझल, टायटल सर्च सगळं येतं, ते पैसे दुसऱ्याच कंपनीला गेले असले तरीही. "अप्रेझलवाल्याला दिले ते आम्ही कसे देणार?" हे उत्तर चालत नाही. तुम्ही स्वतः नगरपालिकेत भरलेली बांधकाम परवान्याची फी मात्र यात येत नाही, कारण ती कर्जाच्या व्यवहाराचा भाग नाही.

तुमच्याकडे पैसे आधीच आले असतील तर सावकाराने आपलं काम करेपर्यंत ते ठेवायचे, खर्च करायचे नाहीत. त्याने केलं की मुद्दल परत द्यायची तयारी दाखवायची. तुम्ही देऊ केल्यावर २० दिवसांत त्याने घेतलं नाही, तर ते तुमच्याकडे राहू शकतं. पण हा क्रम बदलायचा अधिकार कोर्टाला आहे. इतकं ताणायची वेळ आली तर वकील गाठा.

९. तीन वर्षांची मुदत

नोटिस दिलीच नाही, किंवा महत्त्वाचे आकडे दिले नाहीत वा चुकीचे दिले, तर तीन दिवसांचं घड्याळ सुरूच होत नाही. हक्क सहीपासून तीन वर्षांपर्यंत जिवंत राहतो. घर विकलं किंवा आपला सगळा हिस्सा दुसऱ्याच्या नावावर केला, तर त्या आधीच संपतो. आकड्यांत थोडी सूट आहे: फायनान्स चार्ज कमी दाखवला असेल, पण तो फरक नोटच्या रकमेच्या अर्ध्या टक्क्याच्या किंवा १०० डॉलरच्या आत, यातलं जास्त असेल ते, तर सहसा चूक धरत नाहीत. घरावर जप्तीची कारवाई सुरू झाली असेल तर ही सूट फक्त ३५ डॉलर.

या तीन वर्षांवरचा मोठा निकाल म्हणजे 'जेसिनोस्की विरुद्ध कंट्रीवाइड होम लोन्स'. मिनेसोटातल्या जोडप्याने २००७ मध्ये रीफायनान्स केलं आणि बरोबर तीन वर्षं भरली त्या दिवशी रद्द करण्याचं पत्र पाठवलं. कोर्टात दावा त्यानंतर वर्षभराने. बँक म्हणाली, तीन वर्षांच्या आत दावा हवा होता. जानेवारी २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की पत्र वेळेत गेलं तेवढं पुरतं. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी लोकांना ठाऊक असते: प्रकरण खाली परत गेलं आणि तिथे ते हरले. नोटिशीच्या प्रती मिळाल्याच्या पोचेवर दोघांच्या सह्या होत्या आणि प्रती कमी मिळाल्या हे त्यांना दाखवता आलं नाही. २०१८ मध्ये अपील कोर्टानेही तेच कायम केलं.

तीन वर्षांचा हक्क वापरताना आणखी एक विचार करा. कर्ज रद्द होतं म्हणजे व्याज आणि फी जाते, मुद्दल द्यावीच लागते. ती उभी करायची सोय आहे का, हे आधी बघा. सोय नसेल तर पत्राला दात नाहीत.

१०. "हे तीन दिवस सोडून द्या" असं कुणी म्हणालं तर

तातडीची खरीखुरी आर्थिक अडचण असेल, म्हणजे वादळात छप्पर उडालं, घरात पाणी शिरलं, तर हक्क सोडून पैसे लगेच घेता येतात. पण त्यासाठी तुम्ही स्वतः, अडचण काय ती लिहून, तारीख टाकून निवेदन द्यायचं असतं आणि हक्क असलेल्या सगळ्यांनी त्यावर सही करायची असते. छापील फॉर्म यासाठी चालतच नाही. कुणी तयार छापलेला 'वेव्हर' पुढे सरकवला, तर तो नियमाविरुद्ध आहे. "उद्या दर वाढणार" ही अडचण विक्रेत्याची, तुमची नाही.

११. सावकार ऐकत नसेल तर

पत्राची प्रत, टपालाची पावती आणि रिटर्न रिसीटचं कार्ड एकत्र ठेवा. २० दिवस उलटले की सीएफपीबीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, राज्याच्या अटर्नी जनरलकडेही करता येते. हडने मान्यता दिलेले हाउसिंग काउन्सेलर कागद बघून देतात, आणि मोबाइल होमवाल्यांनाही ते मदत करतात. स्थावर मालमत्तेवरच्या नेहमीच्या हप्त्यांच्या कर्जात सावकाराने कायदा मोडला, तर प्रत्यक्ष नुकसानीखेरीज ४०० ते ४,००० डॉलरपर्यंतची भरपाई आणि वकिलाचा खर्च मागता येतो. असा दावा सहसा उल्लंघनापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. तीन वर्षांची मुदत कर्ज रद्द करण्यासाठीची आहे, भरपाईसाठीची नाही. वकिलाकडे जाताना ही दोन घड्याळं वेगळी धरून तारखा लिहून न्या.